शिंद्यांची छत्री : छावणीतल्या देवळापासून घराण्याच्या स्मारकापर्यंत

पुण्याच्या आग्नेयेला वानवडीत शिरलं की चहूकडे सोसायट्या, दुकानं, लष्करी वसाहती आणि न थांबणारी वाहतूक दिसते. या दाटीत एका आवारात पिवळसर दगडाची कोरीव वास्तू उभी आहे. सज्जे, कमानी, नक्षीचे कठडे आणि रंगीत काचांच्या खिडक्या असलेल्या या वास्तूला पुणेकर ‘शिंद्यांची छत्री’ म्हणतात. तिचा थाट पाहून बहुतेकांना वाटतं की ती महादजी शिंद्यांच्या काळातच उभी राहिली असावी. प्रत्यक्षात इथे दोन काळांच्या दोन वास्तू एकमेकींना जोडून उभ्या आहेत. मागे महादजींनी बांधवलेलं काळ्या दगडाचं शिवमंदिर आहे. पुढचं भव्य दालन त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी उभारलं. शंकरासाठी बांधलेलं देऊळ एका घराण्याचं स्मारक कसं झालं, याची ही हकिगत आहे. मराठी सत्तेच्या शेवटच्या पर्वाचा मोठा भाग तिच्यात सामावलेला आहे.

अठराव्या शतकातलं पुणं हे बागांचं आणि देवळांचं शहर होतं, आणि बाग आणि देऊळ बऱ्याचदा एकाच आवारात असत. तुळशीबागेतलं राममंदिर पेशव्यांचे कारभारी नारो आप्पाजी खिरे यांनी बांधवलं. नाना फडणवीसांनी बेलबागेत लक्ष्मीनारायणाची स्थापना केली. पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यात सवाई माधवरावांच्या काळात, 1784 मध्ये, गणपती आला. माथ्यावरचा देवदेवेश्वर नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये प्रतिष्ठापित केला होता. झाडी, पाणी आणि देऊळ अशी ही आवारं पूजेसाठी होती, तशीच विश्रांतीसाठी, मसलतीसाठी आणि वेळ आली तर अखेरच्या दिवसांसाठीही होती.

हे शेवटचं कारण फारसं लक्षात घेतलं जात नाही. पानिपताच्या धक्क्याने खचलेले नानासाहेब 23 जून 1761 रोजी पर्वतीवर वारले, आणि त्यांचं स्मारक आजही तिथेच आहे. थोरले माधवराव क्षयाने झिजत थेऊरच्या चिंतामणीच्या पायाशी येऊन राहिले आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजी तिथेच त्यांनी प्राण सोडले. त्यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. देवाच्या सान्निध्यात शेवट व्हावा ही त्या पिढीची श्रद्धा होती, आणि माणूस गेल्यावर त्या देवळाशी त्याची आठवण कायमची जोडली जाई. महादजींचं वानवडीचं देऊळ याच परंपरेतलं आहे. फरक इतकाच की पर्वती आणि थेऊर ही आधीच देवस्थानं होती, तर वानवडी ही लष्करी छावणी होती.

ती छावणी तिथे का पडली हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. शिंदे हे मूळचे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे पाटील. राणोजी शिंद्यांनी थोरल्या बाजीरावांच्या पदरी राहून माळव्यात घराण्याचा पाया घातला. त्यांच्या मुलांनी आणि नातवाने ते वैभव रक्ताने राखलं. जयाप्पांचा 1755 मध्ये नागोरला दग्याने खून झाला. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले. जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. राहिले ते धाकटे महादजी. पानिपतावरून पळताना त्यांच्या पायावर घाव बसला आणि ते कायमचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना वाचवून दक्षिणेत आणलं. महादजी हे उपकार विसरले नाहीत. त्याच राणेखानाला पुढे त्यांनी आपल्या फौजेत मोठा सरदार केलं.

महादजींची आई राजपूत होती आणि राणोजींच्या लग्नाच्या बायकांत तिची गणना होत नव्हती. त्यामुळे सरदारीवरचा त्यांचा हक्क सहज मान्य झाला नाही. काही वर्षांच्या झगड्यानंतर 1768 मध्ये थोरल्या माधवरावांनी तो त्यांना दिला. पुढच्या पंचवीस वर्षांत या माणसाने जे केलं ते मराठी इतिहासात दुसऱ्या कुणाला जमलं नाही. शाहआलम बादशहा 1772 च्या जानेवारीत मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत परतला, त्यामागे महादजींचा हात होता. 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागती पत्करावी लागली तेव्हाही महादजी तिथे होते, आणि 17 मे 1782 चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला. 1784 मध्ये बादशहाकडून पेशव्यांना वकील-इ-मुतलक हा किताब मिळाला आणि त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार महादजींच्या हाती आला. बनवा द बॉयन या सावॉयच्या सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी उभ्या करवल्या.

हा चढता आलेख सरळ नव्हता. 1787 मध्ये लालसोटला राजपुतांसमोर त्यांना माघार घ्यावी लागली. त्या संधीचा फायदा घेऊन गुलाम कादिराने दिल्ली घेतली आणि 1788 मध्ये म्हाताऱ्या शाहआलमचे डोळे काढले. महादजींनी दिल्ली परत घेतली, गुलाम कादिराला पकडून देहान्त दिला आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं. 1790 मध्ये पाटण आणि मेडता इथे राजपूत फौजा मोडल्या. त्यानंतर उत्तरेत त्यांना तोंड देईल असं कुणी उरलं नव्हतं.

असा माणूस 1792 च्या जून महिन्यात पुण्यात आला. उघड कारण बादशहाचे फर्मान आणि मानाची वस्त्रं सवाई माधवरावांना अर्पण करण्याचं होतं. त्यासाठी फर्मानबाडीचा मोठा दरबार भरला. खास उभारलेल्या शामियान्यात बादशहाचं प्रतीक म्हणून रिकामं तख्त मांडलं गेलं, आणि अठरा वर्षांच्या पेशव्याने त्याला मुजरे करून किताब स्वीकारला. मराठी राज्याच्या पंतप्रधानाने मोगली मान घ्यावा का, हा प्रश्न नाना फडणवीसांनी आधीच उपस्थित केला होता. साताऱ्याच्या छत्रपतींची संमती आल्यावरच समारंभ झाला. गोवधबंदीचं बादशाही फर्मानही याच वेळी वाचलं गेलं.

इतिहासकार ग्रँट डफने या भेटीचा एक प्रसंग नोंदवला आहे. महादजी हत्तीवरून लांबच उतरले, पायी दरबारात आले, इतर मानकऱ्यांच्या खाली बसले. मग काखेतून गाठोडं काढून त्यातल्या नव्या जोड्यांची जोडी पेशव्यांच्या पायांपुढे ठेवली. आपल्या वडिलांचा हाच धंदा होता, तोच आपलाही, असं ते म्हणाले. काही इतिहासकारांनी याला निव्वळ नाटक मानलं. मला ते तसं वाटत नाही. उत्तर हिंदुस्थानचा सर्वाधिकारी स्वतःला अखेरपर्यंत ‘पाटील’ म्हणवून घेत होता. त्यात राजकीय हिशेब होता हे खरं, पण आपली सत्ता पुण्याच्या गादीवाचून अपुरी आहे ही जाणीवही होती. मराठी सत्ता एकसंध राहावी असं त्यांना वाटत होतं. तिचा लगाम कुणाच्या हाती असावा, यावर मात्र त्यांचं आणि नानांचं एकमत नव्हतं.

म्हणूनच वानवडीचा मुक्काम लांबत गेला. उत्तरेतल्या मोहिमांच्या खर्चाचा हिशेब पुण्याशी मिटवायचा होता. होळकरांशी वाटणीचे वाद होते. तरुण पेशव्याच्या मनावर आपली छाप बसवायची होती, आणि नाना फडणवीस ते होऊ देणार नव्हते. नानांनी तर कारभार सोडून काशीला जाण्याची भाषा काढली होती. इकडे ही ओढाताण चालू असतानाच 1793 मध्ये राजस्थानात लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि द बॉयनच्या पलटणींनी होळकरांचा पराभव केला. उत्तरेत जिंकत असलेले महादजी पुण्यात वाटाघाटींत गुंतून पडले होते. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट हे सारं पाहत होता. त्याच्या आश्रयाने पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने याच वर्षांत सवाई माधवराव, नाना आणि महादजी यांची चित्रं केली.

वानवडीच्या या छावणीत महादजींनी शिवमंदिर बांधवलं. महादजी कृष्णभक्त होते, मथुरेवर त्यांचा जीव होता, आणि त्यांनी स्वतः पदं रचली होती. बीडच्या मन्सूरशहा या सूफी संतावर शिंदे घराण्याची श्रद्धा होती आणि पुढे ग्वाल्हेरमध्ये घराण्याने ती जपली. असा माणूस जिथे राहील तिथे पूजेची जागा हवीच. छावणी हलणारी असली तरी देव दगडात बसवला, तेव्हा मुक्काम लांबणार याची त्यांना कल्पना आली असावी. पुण्यातल्या बागेतल्या देवळांसारखं हे नागर आवार नव्हतं. भोवती तंबू, घोडे, तोफा आणि पलटणी होत्या.

12 फेब्रुवारी 1794 रोजी तापाने महादजी तिथेच वारले. वय साठीच्या पुढे होतं. देवळाजवळच त्यांना अग्नी दिला गेला. दिल्लीच्या बादशहाचा रखवालदार पुण्याच्या वेशीबाहेर, तडजोड अपुरी ठेवून गेला. त्या दिवसापासून हे देऊळ नुसतं देऊळ राहिलं नाही.

मराठी परंपरेत दहनाच्या जागेवर बांधकाम करून तिथे शिवलिंग स्थापण्याची चाल जुनी आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, तिथेही शिवलिंगाचीच पूजा होते. गेलेल्या माणसाचा देह पंचमहाभूतांत मिळाला, आता त्या जागी शिवाची पूजा करायची, हा त्यामागचा विचार. वानवडीला क्रम उलटा झाला. शिवाचं देऊळ आधी होतं, मृत्यू नंतर आला. त्यामुळे स्मारकासाठी वेगळी जागा शोधावी लागली नाही. देवाचं घर तेच आठवणीचंही घर झालं.

पुढची काही वर्षं मात्र या जागेने जे पाहिलं ते महादजींच्या कीर्तीला शोभणारं नव्हतं. त्यांना मुलगा नव्हता. नात्यातला दौलतराव, महादजींचे भाऊ तुकोजी यांचा नातू, चौदा-पंधरा वर्षांचा असताना गादीवर आला. 1795 मध्ये सवाई माधवराव गेले आणि पुण्याचा तोल सुटला. 31 डिसेंबर 1797 रोजी भेटीसाठी आलेल्या नाना फडणवीसांना दौलतरावाच्या छावणीत त्याचा सेनानी मायकेल फिलोज याने कैद केलं. ज्या नानांशी महादजींनी वर्ष-दीड वर्ष शब्दांनी लढाई दिली, त्यांना दौलतरावाने दगा देऊन पकडलं. दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्याच्या सावकारांना आणि मुत्सद्द्यांना छळून पैसे उकळले. 1798 मध्ये महादजींच्या विधवांनीच दौलतरावाविरुद्ध बंड पुकारलं. त्यांच्या बाजूने सरदार उठले आणि घरचं भांडण रणांगणावर गेलं.

25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला, तो हडपसर-वानवडीच्या परिसरातच. महादजींच्या दहनभूमीच्या आसपास मराठ्यांनीच मराठ्यांवर तोफा डागल्या. पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. पुढच्या वर्षी असईला दौलतराव हरला. महादजींनी पुण्यात बसून जे टाळण्यासाठी दीड वर्ष घालवलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांत पूर्ण झालं. 1818 नंतर त्या भागात इंग्रजांची छावणी वाढली आणि शिंद्यांची कर्मभूमी उत्तरेतच राहिली.

दौलतरावाने 1810 मध्ये ग्वाल्हेरला लष्कर वसवलं आणि घराणं तिथे स्थिरावलं. 1843 च्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांची फौज मोडली. 1857 मध्ये ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. तरी ग्वाल्हेरचा किल्ला त्यांना 1886 मध्येच परत मिळाला. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव माधवराव गादीवर आले. माधवरावांना राज्याचे पूर्ण अधिकार 1894 मध्ये मिळाले, महादजींच्या मृत्यूला नेमकी शंभर वर्षं होत असताना. ते प्रशासनात कष्ट घेणारे आणि पूर्वजांचा अभिमान बाळगणारे राजे होते. पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक व्हावं यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांबरोबर तेही उभे होते.

वानवडीच्या देवळापुढचं दालन त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. त्यात राजपूत धाटणीचे सज्जे आणि कोरीवकाम आहे, आणि युरोपीय धाटणीच्या रंगीत काचा, वरच्या मजल्यावरच्या गॅलऱ्या आणि उंच सभागृह आहे. बाहेरच्या भिंतींवर साधुसंतांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. आत शिंदे घराण्यातल्या पुरुषांची आणि स्त्रियांची चित्रं लावली आहेत. या दालनातून पुढे गेलं की काळ्या दगडाचा गाभारा लागतो, आणि तिथे शिवाबरोबर महादजींचीही प्रतिमा पूजेत आहे. या वास्तूची व्यवस्था आजही घराण्याचा न्यास पाहतो. सण, पूजा आणि 12 फेब्रुवारीची पुण्यतिथी या निमित्ताने तिथे वर्दळ राहते.

हे दालन आणि मागचा गाभारा यांच्या बांधणीत जो फरक आहे, तोच त्यांच्या हेतूंतही आहे. गाभारा सत्तेच्या शिखरावर असलेल्या माणसाने छावणीच्या गडबडीत स्वतःच्या पूजेसाठी बांधला. दालन बांधताना घराण्याकडे संपत्ती, मान आणि इंग्रजांनी दिलेल्या तोफांच्या सलाम्या होत्या, पण सार्वभौमत्व नव्हतं. ज्यांना स्वतःचं परराष्ट्र धोरण ठरवता येत नव्हतं, त्यांनी आपल्या घराण्याचं मोठेपण दगडात मांडलं. त्यात खोटेपणा नव्हता. आपण कुठून आलो हे आपल्या लोकांना आणि राज्यकर्त्यांना सांगण्याची ती पद्धत होती. कागदावरही हेच चाललं होतं. 1937 मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई यांनी महादजींसंबंधीचे ऐतिहासिक कागद संपादित केले आणि ते ग्वाल्हेर दरबाराने प्रसिद्ध केले. दालन आणि हे कागद, दोन्ही एकाच गरजेतून आले.

इंग्लंडमध्ये त्याच अठराव्या शतकात उमराव आपल्या बागांत ग्रीक-रोमन धाटणीची देवळं बांधत होते. यॉर्कशायरच्या कॅसल हॉवर्डच्या बागेत निकोलस हॉक्समूरने घराण्यासाठी स्तंभांचं गोल समाधिमंदिर आखलं, त्याचं काम 1729 मध्ये सुरू झालं. दिसायला ते देऊळ आहे, पण बांधलं ते समाधीसाठी. आपल्याकडे होळकरांची इंदूरची छत्रीबाग आणि महेश्वरची अहिल्याबाईंची छत्री पाहिली, किंवा माधवरावांनी शिवपुरीच्या बागेत आपल्या मातोश्री सख्याराजे यांच्यासाठी उभारलेली छत्री पाहिली, की घराण्याच्या स्मरणात देवाला किती मोठी जागा आहे हे दिसतं. शिवपुरीला आजही राजमातेच्या मूर्तीची जिवंत माणसाप्रमाणे सेवा होते. मराठ्यांनी जिथे जिथे राज्य केलं तिथे तिथे देवळं बांधली. छत्तीसगडात रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपूरला राहिले आणि टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारलं. त्या मुलखात मराठी सत्तेची एक ठळक खूण ते देऊळ आहे.

महादजींच्या पिढीतली अनेक मोठी घरं पडली, वाडे जळाले, दप्तरं वाळवीने खाल्ली. पुण्यात शनिवारवाड्याचा पाया आणि तट उरला. वानवडीचं देऊळ उरलं, कारण ते कुणी स्मारक म्हणून जपलं नाही, देव म्हणून जपलं. रोज दिवा लावणारा पुजारी हा कोणत्याही वारसा-यादीपेक्षा भक्कम रखवालदार ठरला. त्या पूजेच्या जिवंतपणावरच माधवरावांना शंभर वर्षांनी दालन बांधता आलं. देवाची सेवा मोडली असती तर आठवणीलाही आधार राहिला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून वानवडीला जाणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की आधी थेट मागच्या गाभाऱ्यात जा. त्या काळ्या दगडापाशी थांबून महादजींची दिल्ली, त्यांचं पुण्यातलं दीड वर्ष आणि त्यांच्यानंतरची घरफूट आठवा. मग पुढच्या दालनातल्या रंगीत काचा आणि चित्रं पाहा. आपल्या गावातल्या सरदारांच्या, संतांच्या, पाटलांच्या समाध्यांशीही असंच वागा. तिथे पूजा चालू असेल तर ती चालू राहील असं पाहा, आणि तिथली हकिगत मुलांना सांगा.